वाडीची बखर कोण लिहिणार?

(उंब्रज येथील भाषण)



उंब्रज म्हटलें कीं परक्या माणसाला दोन गोष्टी आठवतात : रामदासांच्या अकरा मारुतींपैकीं एक, आणि पुणें-बंगलोर सडक. पुस्तकांत आपलें नांव येतें तें एवढ्यापुरतेंच. तारळी जेथें कृष्णेला मिळते तेथल्या रानांत नांगर कोणीं धरला, फाळ कोणीं शेवटला, मोट कोणीं शिवली, याची ओळ कोठें सांपडत नाहीं. आणि हें झालें मोठ्या गांवाचें. भोंवतालच्या वाड्यांना तर तेवढाहि मान नाहीं.

सरकारी कागदांत गांव म्हणजे मौजे. मौज्याला नकाशा, गांवठाण, दप्तर. वाडीला यांतलें बहुधा कांहींच नाहीं. पांढरींत जागा पुरेना, गुरें राखावयाला रान जवळ हवें, नाहींतर भाऊबंदकी पेटली. चार घरें रानांत गेलीं नि वाडी झाली. तिचा जन्म कोणीं टिपला नाहीं. सारा मात्र तिनें मौज्याच्या नांवानें भरला, आणि शाळा, रस्ता, पाणी यांसाठीं मौज्याच्या मागें उभी राहिली.

१८४८ सालीं सातारचें राज्य खालसा झालें. मग इंग्रजी मोजणी आली, शेतांना नंबर पडले. तरी आपल्या तोंडीं जुनीं नांवें आहेत. रानाला 'सुतारकी', 'कुंभारकी' म्हणतात, तें उगाच नव्हे. तें बहुधा त्या कारागिराच्या चाकरीचें रान. १९५३ च्या कायद्यानें गांवोपयोगी चाकरीचीं इनामें गेलीं, १९५८ च्या कायद्यानें महारवतनासारखीं कनिष्ठ वतनें गेलीं. पिढीजाद राबणूक सुटली, फार बरें झालें. डॉ. आंबेडकरांनीं त्यासाठीं १९२८ सालींच मुंबईच्या कौन्सिलांत बिल मांडलें होतें. पण वतन गेलें म्हणून रानाचें नांवहि पुसूं देऊं नका. कोण कोणासाठीं राबला याचा तो पुरावा आहे, आणि असला पुरावा दुसरा कोणी जपणार नाहीं.

१९६६ च्या जमीन महसूल कायद्याच्या चौथ्या कलमानें वाडीला स्वतंत्र गांव जाहीर करण्याचा अधिकार सरकारला आहे. अशी मागणी करावयाची तर हातीं कागद असलेला बरा. नुसत्या आरडाओरडीला कचेरींत कोण विचारतो?

तेव्हां घरची पेटी उघडा. मोडींतलें खत, वांटणीपत्र, बलुत्याची यादी, जें निघेल तें रद्दींत घालूं नका. वाचतां येत नाहीं म्हणून तें निरुपयोगी नव्हे. मोडी वाचणारा गांठा. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत सातारच्या राजांचेहि कागद आहेत, तेथें जाण्याला भिऊं नका.

आणि एक वही घाला. तींत पाटलाची वंशावळ आधीं नको. पहिली विहीर कोणीं खणली, पाणी कोणाला मिळालें, कोणाला नाहीं, कोणाचें घर ओढ्यापलीकडे होतें आणि कां, हें लिहा. पोरांनीं आजीला विचारावें. ती सासरीं आली तेव्हां कोणती विहीर होती नि कोणती नव्हती, हें तिला पक्कें ठाऊक असतें. पाणी तीच वाहत होती.