संगणकाच्या धंद्यातील उमेदवारी



आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात आता वाडीवस्तीवरही संगणक शिकलेला एखादा मुलगा किंवा मुलगी सापडते. कोणी बी.ई., कोणी बी.सी.ए., कोणी डिप्लोमा. आणि त्यांच्या आईबापांचा प्रश्न एकच असतो : "पोरगं शिकलं खरं, पण आय.टी.त लागायचं कसं?" जाहिरात पाहावी तर तिच्यात अनुभव मागितलेला, अनुभव मिळवावा तर आधी नोकरी पाहिजे. पोहता आल्याशिवाय विहिरीत उतरू देत नाहीत आणि विहिरीत उतरल्याशिवाय पोहता येत नाही, अशातली गत!

यावर आपल्याकडे जुना उपाय आहे, त्याचे नाव उमेदवारी. आज हा शब्द निवडणुकीच्या फॉर्मावर जाऊन बसला आहे. परंतु आपले वाडवडील 'अमक्याच्या हाताखाली उमेदवारी केली' असे म्हणत, तेव्हा त्यांना काम शिकण्याची उमेदवारी अभिप्रेत असे. हल्लीची मुले जिला इंटर्नशिप म्हणतात, ती हीच. आणि कोल्हापूरला ती नवखी नाही. बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत १९२० च्या सुमारास शांताराम वणकुद्रे नावाचा एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा पडेल ते काम करायला लागला. पुढे १९२९ साली त्याच कंपनीत हात बसलेल्या मंडळींनी कोल्हापुरातच 'प्रभात' काढली आणि १९३३ साली ती पुण्याला गेली. व्ही. शांताराम यांचे नाव आपण सारे जाणताच. सिनेमाची पदवी त्या वेळी देणार कोण? हातातले काम हेच प्रमाणपत्र होते.

आता कोणी म्हणेल, ते दिवस गेले, आता पदवीवाचून दारात उभे करत नाहीत. खरे आहे. पण पदवी दारापर्यंत नेते, इतकेच. आत बसलेला मनुष्य विचारतो, "तुम्ही स्वतः काय केले आहे?" आणि येथे आपली मुले गप्प होतात. वर्गातल्या चौघांनी मिळून केलेला, पैकी एकानेच लिहिलेला, आणि तोही कोठून तरी उतरवलेला प्रकल्प ती पुढे करतात. दुसऱ्या प्रश्नाला उघडी पडतात. आता तर २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून प्रोग्रॅम यंत्रच लिहून देते. त्यामुळे 'लिहिला का' यापेक्षा 'असाच का लिहिला' या प्रश्नाला वजन आले आहे.

मग करावे काय? तुमच्या गावच्या दूध संस्थेचेच पाहा. सकाळ-संध्याकाळ दूध जाते, लिटर मोजतात, फॅट काढतात, म्हशीचा दर वेगळा, गाईचा वेगळा, आणि दहा दिवसांनी बिल निघते. संस्थेकडे याचा प्रोग्रॅम असतोच. त्याच्याशी स्पर्धा करायची नाही. मुलाने आपल्या घरच्या दहा दिवसांच्या पावत्या घ्याव्यात आणि तेच बिल काढणारा छोटा प्रोग्रॅम स्वतः लिहावा. ऐकायला पोरखेळ वाटतो, लिहायला बसले की घाम फुटतो. घरात म्हैस आहे आणि गायही आहे, तर एका खात्याचे दोन हिशेब कसे ठेवायचे? गावात एकाच नावाचे तीन पाटील, मग ओळख नावावरून धरायची की खाते नंबरावरून? एका संध्याकाळी दूध घातलेच नाही, तर ती जागा कोरी ठेवायची की शून्य लिहायचे? आणि कोरी दिसली तर दूध आले नाही असे समजायचे, की नोंद राहिली असे? फॅट ६.५ च्या जागी कोणी ६५ लिहिली, तर प्रोग्रॅमने मुकाट्याने पैसे जमा करायचे, की 'थांबा, तपासा' म्हणायचे? पैशांचा पूर्णांक रोजच्या रोज करायचा, की दहा दिवसांची बेरीज झाल्यावर? वीस वेळच्या दुधात त्याने दोनचार रुपये हिकडचे तिकडे होतात, आणि गावात दोन रुपयांवरून काय होते ते मी तुम्हांला सांगायला नको.

बंगळूरच्या बँकेचा हिशेब असो की मुंबईच्या विमा कंपनीचा, तेथेही हेच प्रश्न असतात. चुका मुद्दाम शोधून काढणे हे तर या धंद्यातले स्वतंत्र काम आहे. त्याला टेस्टिंग म्हणतात, आणि पहिली नोकरी पुष्कळांना त्यातच मिळते. तयार झालेला प्रोग्रॅम गिटहबवर ठेवावा, सोबत तो काय करतो आणि कोठे चुकतो हे एक पानभर लिहावे. मात्र त्यात गावकऱ्यांची खरी नावे किंवा फोन नंबर घालू नयेत.

शिकण्यासाठी पैसे नाहीत ही अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. मुंबईच्या आय.आय.टी.ने 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचे छोटे छोटे पाठ केले आहेत, त्यांतले पुष्कळ मराठीतून आहेत आणि ते फुकट आहेत. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या संकेतस्थळावर मोठे अभ्यासक्रम आहेत. शिकणे फुकट, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच फी.

मोठ्या कंपन्यांच्या परीक्षा कॉलेजमार्फत होतात, त्यांची चौकशी मुले करतातच. परंतु राजारामपुरी-शाहूपुरीतल्या छोट्या कचेऱ्यांत स्वतः जाऊन विचारणारा विरळा. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतही मालाचा साठा, हजेरी, बिले संगणकावर असतात आणि तेथे हाताखाली माणूस लागतो. माझे तर मत असे, की पहिली उमेदवारी जमेल तर कोल्हापुरातच करावी. विद्यावेतन थोडके मिळाले तरी घरची भाकरी असते. पुण्यात हिंजवडीच्या आसपास खोली घेतली, की तेवढी रक्कम भाड्यातच जाते. शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे, त्याखाली पदवीधर आणि डिप्लोमावाल्यांना वर्षभर विद्यावेतनावर घेता येते. २०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, तीत पदवीधराला महिना १०,००० रुपये ठरवले होते. अशा योजनांच्या अटी बदलत राहतात. जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात जाऊन ताज्या विचाराव्यात.

आता एक गोष्ट आईबापांसाठी, आणि ती मी जरा कडक शब्दांत सांगणार आहे. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने दुभती म्हैस विकून 'नोकरीची हमी' विकत घेतली. पोराला तीन महिन्यांचे प्रशिक्षण, एक रंगीत प्रमाणपत्र आणि पुढच्या महिन्याचा वायदा मिळाला. नंतर फोन लागेनासा झाला. दादा, आक्का, नोकरी देणारा पगार देतो, तो पैसे मागत नाही. अनामत, लॅपटॉपचे पैसे, नोंदणी फी, नाव काहीही असो. मूळ गुणपत्रिका कोणाच्या ताब्यात देऊ नका. करारावर सही करण्यापूर्वी तो वाचता येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. फसलाच, तर लाजून गप्प बसू नका; ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या नंबरावर त्याच दिवशी फोन करा.

गुरुजनहो, तुमच्याकडे मागणे थोडे आहे. गावची ही मुले सुट्टीत तुम्हांला भेटायला येतात. त्यांना समोर बसवून 'तू केलेस ते मला समजावून सांग' म्हणा. आधी मराठीत. तुम्हांला संगणक येत नसला तर फारच उत्तम, कारण मग त्याला जडजड शब्दांच्या आड लपता येणार नाही. मराठीत स्वच्छ सांगता आले, की तेच इंग्रजीत सांगायला लावा. अडखळू द्या, हसू मात्र नका. मुलगी असेल तर तिच्या घरी जाऊन पुण्याच्या वसतिगृहाची, कचेरीच्या वेळांची चौकशी कशी करायची तेही सांगा. पुष्कळदा घरचा नकार कामाला नसतो, न पाहिलेल्या गावाला असतो.

तेव्हा येत्या दहा दिवसांच्या पावत्या फेकू नका. बिल आले, की संस्थेचे आणि पोराचे शेजारी शेजारी ठेवा. जुळले नाही, तर पोराला पावत्यांसकट सचिवांकडे पाठवा, आणि चूक कोणाची ते दोघांना मिळून शोधू द्या.