नार्नियाचा पोरसवदा राजा

श्रोतेहो, आज ज्या राजाची हकीकत मी सांगणार आहे तो तुम्हांला कोणत्याही बखरीत सापडायचा नाही. त्याचे राज्यच मुळी कल्पनेतले. सी. एस. लुईस नावाच्या एका इंग्रजी प्राध्यापकाने मुलांसाठी नार्निया नावाचा देश रचला आणि १९५० ते १९५६ या काळात त्याच्या सात गोष्टी लिहून प्रसिद्ध केल्या. त्यांतली दुसरी, १९५१ सालची, कॅस्पियन या राजपुत्राची आहे.

कॅस्पियन पोरका. त्याच्या बापाला सख्ख्या चुलत्याने, मिराझने, मारलेले. पण पोराला याची गंधवार्ता नाही. वाड्यात माया लावणारी एकटी त्याची दाई. निजताना ती गोष्टी सांगे. पूर्वी या देशात जनावरे बोलत, झाडांत वनदेवता राहत, असे काहीबाही. एके दिवशी पोर चुलत्यापुढे हे बोलून गेले. झाले! दाईला तडकाफडकी वाड्याबाहेर काढले. पोराचा निरोपसुद्धा घेऊ दिला नाही. गोष्टींना एवढे काय भ्यायचे, असे तुम्ही म्हणाल. पण मिराझ ज्या गादीवर बसला होता ती चोरीची होती, आणि जुन्या काळाची कोणी नुसती आठवण काढली तरी त्याला ती बोचे.

पुढे राजपुत्राला शिकवायला डॉक्टर कॉर्नेलियस आले. बुटके, गोल अंगाचे, लांब दाढीचे. शाळामास्तरांनी इथे जरा कान द्यावा. दिवसा हे गुरुजी नेमलेले धडे घेत. एका रात्री मात्र दोन तारे जवळ येताना दाखवण्याच्या निमित्ताने ते शिष्याला उंच बुरुजावर घेऊन गेले आणि तिथे, भिंतींनाही ऐकू जाणार नाही अशा बेताने, त्यांनी खरे सांगितले. दाईच्या गोष्टी खऱ्या होत्या. बोलकी जनावरे आणि झाडे गप्प केली ती बाहेरून आलेल्या टेल्मार लोकांनी, म्हणजे कॅस्पियनच्याच पूर्वजांनी! आपल्याच घराण्याचे पाप असे समोर आल्यावर पोराने गुरुजींवर डूख धरला नाही. त्या जुन्या लोकांपैकी कोणी उरले असेल का, हाच ध्यास त्याने घेतला. माझ्या मते तो राजा झाला तो त्या बुरुजावर.

मिराझला मुलगा झाला तेव्हा कॅस्पियनच्या जिवावर बेतले. गुरुजींनी रातोरात त्याला घोड्यावर घालून पळवले. रानात त्याला एक बिज्जू आणि दोन बुटके भेटले, आणि लपूनछपून राहिलेली ती सारी जुनी प्रजा त्याच्याभोवती गोळा झाली. आता तो लढाया मारील, अशी आपली अपेक्षा. पण छे! हा योद्धा बहुतेक हरतोच. एकदा तर बेत नामी असूनही त्याच्याकडचा भोळा राक्षस भलत्या वेळी भलत्या ठिकाणाहून बाहेर पडला आणि सगळा डाव फसला. लेखक स्वतः पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढून १९१८ साली जखमी झालेला. लढाई कशी फसते हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

शेवटी पूर्वीच्या काळचा थोर राजा पीटर मदतीला आला. मिराझशी द्वंद्व खेळला तोही पीटरच. बापाचा सूड आपल्याला घेऊ द्या, असे कॅस्पियन म्हणाला. पण तो जखमी होता, आणि पोराच्या आव्हानाला शत्रू हसला असता. राज्य मिळाले, पण त्याच्या तलवारीने नव्हे. आणि सिंहरूपी अस्लानने विचारले, राज्य पेलशील का? तेव्हा तो म्हणाला की मला नाही वाटत, मी अजून लहान आहे. या उत्तरावरच अस्लानने त्याला गादी दिली.

तीन वर्षांनी, बापाच्या सात निष्ठावंत सरदारांच्या शोधात, तो गलबत घेऊन पूर्वेकडे निघाला. वाटेतल्या एका बेटावर गुलामांच्या व्यापाऱ्यांनी त्यालाच धरले. राजा स्वतः विकला गेला! सुटल्यावर तो तिथल्या सुभेदारापुढे उभा राहिला. हा धंदा बंद केला तर बेटाची भरभराट थांबेल, असे सुभेदार आकडे काढून समजावू लागला. कॅस्पियनने एका सरदाराच्या मदतीने त्याचे टेबल कागदपत्रांसकट उलथून टाकले आणि गुलामगिरी त्याच दिवशी बंद केली.

हाच राजा जगाच्या टोकाला पोचल्यावर मात्र हटून बसला. राज्य सोडून आपणही पलीकडे जाणार! सोबत्यांनी अडवले तसा तो चिडून आपल्या खोलीत गेला आणि दार आपटले. थोड्या वेळाने बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. सोबत्यांतले काही जण पुढे गेले; त्याला माघारी फिरायला सांगितले होते. तो फिरला. नार्नियात प्रजा वाट पाहत होती.