बदलाची नोंद


एक-चौदाच्या उताऱ्यात फेरफार झाला, की कोणाचे नाव चढले व कोणाचे गेले, हेच मांद्रे गावचे कूळ प्रथम विचारते. संगणकीय नोंदींचेही तसेच आहे. पोस्टग्रेस्क्यूएल ही सर्वांस खुली असलेली डेटाबेस प्रणाली. तिच्या प्रत्येक आवृत्तीसोबत बदलांचे टिपण प्रसिद्ध होते. २०२२ च्या पंधराव्या आवृत्तीत ‘पब्लिक’ या सामाईक विभागात तक्ते निर्माण करण्याची सरसकट मुभा काढून घेण्यात आली. संपादकांनी ही बाब आरंभीच्या स्थलांतरविषयक भागात दिली. जुनी माहिती नव्या आवृत्तीत आणणाऱ्यांची पूर्वीची मुभा कायम राहील, हेही स्पष्ट केले आणि बदल करणाऱ्याचे नाव कंसात नोंदविले. झळ कोणास पोहोचेल, हे आधी सांगावे. पंचायतीच्या फलकावरील सूचनेसही हाच नियम लागू आहे.