रुग्णसंख्येपलीकडचा हिशेब

(वार्षिक सभेतील भाषण)



या अहवालाच्या तक्त्यांत बाह्यरुग्ण, आंतररुग्ण आणि शस्त्रक्रिया यांचे आकडे आपण पाहालच. देणगीदार संस्था आता पुढचा प्रश्न विचारतात : या खर्चाने किनाऱ्यावरची माणसे किती निरोगी झाली? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र रुग्णालयाच्या नोंदवहीत मिळत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने मोजणी गावातून सुरू केली. घरी झालेला जन्म आणि घरी झालेला बालमृत्यूही तेथे नोंदला गेला. १९९३ ते १९९५ या काळात हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ६२ नवजात बालके दगावत होती. पुढे ३९ गावांत प्रशिक्षित स्त्रिया घरोघरी जाऊन नवजातांची काळजी घेऊ लागल्या; तुलनेसाठी ४७ गावे निराळी ठेवली होती. १९९७-९८ मध्ये तो आकडा २५च्या आसपास आला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. तुलनेची गावे नसती, तर ही घट रस्ते सुधारल्याची की या स्त्रियांच्या कामाची, हा वाद मिटला नसता. २०११ पासून आशा कार्यकर्त्या देशभर नवजातांच्या घरी जाऊ लागल्या, त्यामागे हा पुरावा होता.

आपल्या मालवण किनाऱ्यावर अडचण वेगळी. लेक बाळंतपणाला माहेरी येते. जन्माची नोंद एका गावात, बाळ वाढते दुसऱ्या गावात. गणपतीला चाकरमानी उतरले की बाह्यरुग्ण विभाग फुलतो. त्या गर्दीला यश म्हणणे म्हणजे एस.टी. स्टँडवरची माणसे मोजून गावची लोकसंख्या सांगणे! सर्वांत मोठी पोकळी आहे ती बांबोळीच्या वाटेवर. अत्यवस्थ रुग्ण गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठविला की आमच्या वहीत ‘पुढे पाठविले’ एवढेच शब्द उरतात. तो वाचला का, घरच्यांना कर्ज काढावे लागले का, हे वही सांगत नाही; आणि खरा कस तर याच रुग्णांच्या बाबतीत लागतो.

म्हणून मूल्यमापनाच्या निधीतून पहिले काम आम्ही हेच करू इच्छितो. पुढे पाठविलेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरी, घरच्यांच्या संमतीने, ३० दिवसांनी परिचारिका जाईल आणि मृत्यू झाला असल्यास तोही लिहून आणील. त्यामुळे पुढील अहवालात आमचा मृत्युदर वाढलेला दिसण्याचा संभव आहे. विश्वस्तांनी तो तसाच छापावा आणि देणगीदारांनी तो वाचून हात आखडता घेऊ नये, अशी आमची नम्र विनंती आहे.