पाचट कुजवतं कोण?

कुणी भाकरी थापत असाल, कुणी मोबाईल ओच्यात ठेवून भांगलायला गेला असाल. जिथं असाल तिथून ऐका. आज मी आमच्या गटाची एक फजिती सांगणार आहे.

आमचा सगळा ऊसपट्टा. एका वर्षी गटातल्या सहा जणींनी ठरवलं की तोड झाली की पाचट पेटवायचं नाही. तोडीच्या दिवसांत गावावर धूर बसायचा, लेकरं रात्रभर खोकायची. त्यातच शेजारच्या रानातली आग जाऊबाईंच्या कडब्याच्या गंजीपर्यंत आली आणि वर्षाची वैरण गेली. मामंजी म्हणत होते, "पाचट ठेवलंत तर उंदीर होतील, पाणी पुढं सरकायचं नाही." तरी आम्ही हट्टानं पाचट सऱ्यांत पसरलं, पाणी दिलं आणि घरी आलो. कुजेल की आपोआप!

दीड महिन्यात खोडवा पिवळा पडला. शेजारचा पेटवलेला प्लॉट हिरवागार, आणि आमचा काविळीच्या माणसासारखा. आमचे हे चार दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. बैठकीत दोघी म्हणाल्या, आता पुढल्या वर्षी गुमान काडी लावू.

तेव्हा कृषी खात्याच्या एक ताई रानात आल्या. त्यांनी पाचट उचलून बघितलं आणि एकच विचारलं, "कुजवणाऱ्यांना जेवायला काय दिलंत?"

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिलो.

मैत्रिणींनो, आपोआप काही कुजत नाही. मेलेलं पान, काडी, शेण, काहीही घ्या. ते कुजतं म्हणजे कुणीतरी ते खातं. आधी येतात डोळ्यांना दिसणारे: गांडूळ, वाणी, वाळवी. हे कुरतडून बारीक करतात. मग बुरशी. ओलं पाचट उलटलं की खाली पांढरे धागे दिसतात ना, तीच ही. रोग पडला म्हणून घाबरू नका. काही गट भाताच्या पेंढ्यावर धिंगरी अळिंबी घेतात, ती याच जातकुळीतली. पाचटातला कठीण भाग फोडायला बुरशीच लागते. आणि या सगळ्यांच्या जोडीला जिवाणू, जे चिमूटभर मातीत कोटींनी असतात.

आता यांचं जेवण. आपण नुसती कोरडी भाकरी खात नाही, सोबत डाळ लागते. त्यांचंही तसंच. कर्ब ही त्यांची भाकरी, नत्र ही डाळ. साधारण पंचवीस-तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असलं की त्यांचं काम जोरात चालतं. पाचटात एका भाग नत्राला शंभराच्या आसपास कर्ब असतो. म्हणजे ढीगभर भाकरी आणि डाळीचं नुसतं पाणी! मग ते डाळ कुठून आणणार? जमिनीतून. खोडव्याच्या वाट्याचं नत्र त्यांनी उचललं, म्हणून आमचा ऊस पिवळा पडला. ते नत्र वाया जात नाही. हे जीव मेले की जमिनीला परत मिळतं. पण तोवर थांबायला कोवळ्या फुटव्यांना कुठं सवड असते?

ताईंनी सांगितलेलं माप लिहून घ्या. एक टन पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत. एकरी पाचट तीन ते चार टन निघतं, त्या हिशेबानं धरा. जिवाणू खत मुरलेल्या शेणखतात कालवून वेगळं टाका, युरियात मिसळू नका. मग पाणी द्या आणि पाचट पायानं दाबून मातीला टेकवा. हवेत तरंगणारं पाचट महिनोन्‌महिने तसंच राहतं.

पेटवल्यावर काय जातं तेही ऐका. पाचटात अर्धा टक्का नत्र असतं. एकराचा हिशेब केला तर पंधरा-वीस किलो, म्हणजे पाऊण ते एक गोणी युरियातलं नत्र. ते बहुतेक सगळं धुरावाटे जातं, कर्बही जातो. राखेत उरतो तो मुख्यतः पालाश. आणि वरच्या थरातले कुजवणारे जीव भाजून निघतात ते वेगळंच.

या जीवांना जेवणाबरोबर पाणी आणि हवाही लागते. हे आम्हाला उकिरड्यानं शिकवलं. घरामागचा खड्डा काळा, चिकट आणि घाण वासाचा का होतो? आत हवा नसते. मग हवेवाचून जगणारे जिवाणू ताबा घेतात, काम रेंगाळतं आणि वास सुटतो. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या पांढरीपांडे काकांनी नाडेपचं टाकं काढलं, दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच. त्याच्या भिंतींत मुद्दाम भोकं ठेवतात, ती हवेसाठीच. टाकं बांधायला पैसे नसतील तर ढीग दर पंधरवड्याला खालीवर करा. ओल बघायची तर मूठभर घेऊन पिळा. पिळलेल्या फडक्यासारखं लागलं, एखादा थेंब आला, तर बरोबर. धार लागली तर पाणी जास्त झालं.

नीट जमलेल्या ढिगात आठवड्याभरात हात घातला तर चटका बसतो. आग नाही, त्या जीवांच्या खाण्याची ऊब आहे ती. 55 अंशांच्या वर गेली की तणाचं बी बरंचसं मरतं. खत तयार झालं की ढीग थंड होतो आणि पहिल्या पावसाचा वास येतो. तो वास आणि मातीचा वास एकाच प्रकारच्या जिवाणूंमुळे येतो. कच्चं शेण मात्र रानात टाकू नका, हुमणीचे भुंगेरे त्यात अंडी घालतात. ही चूकही आम्ही केलेली आहे.

पुढच्या वर्षी आम्ही सहातल्या चौघीच उरलो. मी अर्ध्या एकरातच पाचट ठेवलं, कारण घरून तेवढीच परवानगी मिळाली. या वेळी जेवण घातलं. खोडवा पिवळा पडला नाही. पाणी सरकायला वेळ लागला, मामंजींचं तेवढं खरं निघालं. पण उन्हाळ्यात दोन पाण्यांतलं अंतर चार दिवसांनी वाढवता आलं. पावसाळा सरता सरता मामंजी स्वतः काठीनं पाचट उचकटून बघत होते. खाली काळा चुरा आणि गांडुळं. काही बोलले नाहीत. घरी येऊन यांना म्हणाले, "औंदा उरलेल्या रानालापण काडी लावू नका."

आता तोड जवळ आलीय. आम्ही जिवाणू खत गटातून एकदम मागवतोय. तुम्हीही घेणार असाल तर पाकिटावरची मुदत बघून घ्या आणि आणल्यावर उन्हात ठेवू नका.