हरिश्चंद्राच्या पाट्या आणि इंग्रजीचा तास

(नाशिक येथील भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्रात २००० सालापासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. इंग्रजीच्या तासाला एखादा अभिजात चित्रपट दाखवावा आणि त्याची सांस्कृतिक पार्श्वभूमी मुलांना अभ्यासायला लावावी, ही कल्पना स्वागतार्ह आहे. मात्र त्यासाठी नाशिकच्या शिक्षकाला हॉलिवूडच्या दारात जाण्याचे कारण नाही. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी आपला कारखाना नाशकात आणला आणि १९४४ साली येथेच त्यांचा अंत झाला. या मूकपटाच्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे आज उपलब्ध आहे. काही अभ्यासक ती १९१७च्या आवृत्तीची मानतात. त्यांतील कथा सांगणाऱ्या पाट्या हिंदीबरोबर इंग्रजीतही आहेत. इंग्रजीचा धडा असा आयताच हाताशी आहे.

खरा प्रश्न ‘सांस्कृतिक पार्श्वभूमी’ कशाला म्हणावयाचे, हा आहे. पुराणकथा, पोशाख आणि चालीरीती फळ्यावर लिहून दिल्या की परीक्षेपुरते काम भागते. परंतु एखादी कलाकृती कोणाच्या पैशावर, कोणाच्या श्रमावर आणि कोणाला वगळून उभी राहिली, याचा हिशेब मांडल्याखेरीज तिची पार्श्वभूमी कळत नाही. फाळक्यांच्या विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या, सरस्वतीबाईंचे दागिने गेले. मंडळींचा स्वयंपाक त्यांनीच केला आणि कच्च्या फिल्मला भोकेही त्यांनीच पाडली. पडद्यावर येण्यास स्त्री तयार होईना, म्हणून तारामतीची भूमिका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी केली. १९११च्या जनगणनेत देशातील साक्षरता शेकडा सहाच्या आसपास होती. मग त्या पाट्या, आणि त्यातही इंग्रजी पाट्या, नेमक्या कोणासाठी होत्या?

कथेतही असाच एक प्रश्न दडलेला आहे. राजा स्मशानात राबतो ही त्याच्या सत्त्वाची परीक्षा ठरते. देव प्रसन्न होतात, राज्य परत मिळते. परंतु पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करणाऱ्या डोंबासाठी कोणताही देव प्रकट होत नाही. राजाला जी शिक्षा, ती त्याची रोजची उपजीविका!

स्वयंपाक कोणी केला? दागिने कोणाचे गेले? स्मशानात उद्या कोण राबणार? हे प्रश्न तीन-चार सोप्या इंग्रजी शब्दांत विचारता येतात. पेठ-सुरगाण्याच्या आश्रमशाळेतील मुलीला त्यांची उत्तरे शहरी मुलापेक्षा अधिक नेमकी देता येतील, कारण श्रम तिच्या घरचे आहेत. आज इंग्रजीच्या वर्गात तिला मान खाली घालावी लागते, ती बुद्धी उणी म्हणून नव्हे. तिला ठाऊक असलेले जग त्या वर्गात कोणी विचारतच नाही म्हणून.

म्हणून कार्यकर्त्यांनी इंग्रजीला केवळ विरोध करून थांबू नये आणि तिची आरतीही ओवाळू नये. आपापल्या गावच्या शाळेत जावे, शिक्षकांच्या संमतीने ही दोन रिळे दाखवावीत आणि प्रश्न मुलांनाच विचारू द्यावेत. परकी भाषा प्रश्न विचारण्यासाठी हाती आली, तरच ती गुलामीची राहत नाही.