परांचीची निगा



आजचा विषय कारखान्यातला असला तरी तो आपल्या पासबुकापर्यंत आणि रेल्वेच्या तिकिटापर्यंत येऊन पोहोचलेला आहे. आपले हिशेब ज्या संगणकावर राहतात त्यास सर्व्हर म्हणतात. त्यावरचा प्रोग्राम माणूस लिहितो. पण तो मजकूर यंत्राला तसाच चालत नाही. शेकडो फायली ठरावीक क्रमाने जोडून त्या यंत्राच्या भाषेत उतराव्या लागतात. हा क्रम जिच्यात लिहून ठेवतात ती बिल्ड स्क्रिप्ट. ती पुष्कळदा पायथन किंवा पर्ल अशा भाषेत असते, आणि त्या भाषेवाचून चालत नाही.

गवंडी घर पुरे झाले की परांची सोडतो. आमच्या धंद्यात ती सोय नाही. येथे एक कडी बदलायची तरी बांधणी पुन्हा करावी लागते. भिंतीत चोरवाट सापडावी, ती बुजवणारी दुरुस्तीही हाती यावी, आणि परांची कुजलेली म्हणून ती बसवता येऊ नये, हा प्रसंग काल्पनिक नाही.

पायथनचेच पाहा. तिची तिसरी आवृत्ती २००८ च्या डिसेंबरात आली. जुन्या दुसरीला २०१५ पर्यंत मुदत होती. लोक हलेनात म्हणून ती २०२० पर्यंत वाढवली. १ जानेवारी २०२० ला ती संपली, तेव्हाही कित्येक बिल्ड स्क्रिप्टा दुसरीतच होत्या. फरक बारीक होते, पण फसवे. दुसरीत ७ भागिले २ म्हणजे ३, तिसरीत साडेतीन. ‘मराठी’ हा शब्द दुसरीत साध्या पद्धतीने मोजला तर लांबी १५ भरे, तिसरीत ५ भरते. (आपल्या बालवाडीत ती ३ च भरते, हा भाग वेगळा.) आपल्या लिपीचा विचार करता बदल चांगलाच होता; परंतु चांगला बदल आपोआप घडत नाही.

पुढे २०२३ च्या ऑक्टोबरात पायथन ३.१२ मधून डिस्टयुटिल्स नावाचा जुना भाग काढून टाकला. त्याची सूचना दोन वर्षे आधी दिलेली होती. तरीही नोडवर चालणाऱ्या सर्व्हरांची बांधणी जागोजागी अडली. नोडची भाषा जावास्क्रिप्ट; तिचा पायथनशी संबंध काय, असे आपण विचाराल. तिच्या काही जोडभागांची बांधणी नोड-जिप नावाचे साधन करते, ते पायथनवर अवलंबून, आणि त्याच्या जुन्या आवृत्त्यांना डिस्टयुटिल्स लागे.

मग आले ते नवे डोळे मिटून घ्यावे काय? तेही नव्हे. २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या प्रोग्रामरला आपल्या संगणकावर दूरवरून प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद उशीर लागतो असे दिसले. दुसरा कोणी असता तर चहा घेऊन आला असता. हे गृहस्थ खोलात शिरले, तेव्हा एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार निघाले. ते उघडणारी कळ बिल्ड स्क्रिप्टमध्ये होती, आणि तीही फक्त वाटपाच्या गठ्ठ्यात. सर्वांना वाचता येणाऱ्या मूळ संग्रहात ती फाईल नव्हतीच. मुख्य प्रोग्राम दहा जण वाचतात, बिल्ड स्क्रिप्ट कोणी वाचत नाही, हे चोराने बरोबर ओळखले होते.

म्हणून आमचे मत असे, की हे काम साठवून ठेवू नये. आवृत्त्यांचे आकडे लिहून पक्के करावेत, एका वेळी एकच बदलावा, वेगळ्या यंत्रावर पहिल्यापासून बांधून पाहावे, आणि स्क्रिप्टमधला प्रत्येक फरक वाचावा. काम कंटाळवाणे आहे, त्याला टाळ्या पडत नाहीत, आणि मालक मंडळी त्यासाठी वेळ देण्यास नाखूष असतात. चालते आहे त्याला हात कशाला लावता, असे म्हणतात.

पोस्टग्रेसच्या मंडळींनी मात्र ते नीट केले. विंडोजसाठी त्यांच्याकडे पर्लमधल्या स्वतंत्र स्क्रिप्टा होत्या. एकच गोष्ट दोन ठिकाणी सांभाळावी लागे. २०२३ मध्ये आवृत्ती १६ त मेसन हे नवे साधन त्यांनी जुन्याच्या शेजारी आणून ठेवले. वर्षभर दोन्ही चालू दिली. २०२४ मध्ये आवृत्ती १७ त विंडोजच्या त्या पर्ल स्क्रिप्टा काढल्या. आता मेसन स्वतः पायथनमध्ये लिहिलेला आहे. तेव्हा पायथनच्या मुदतींचे पंचांग त्यांनाही जवळ ठेवावे लागणार.